हात ढिला सोड

वाशिमजवळच्या आमच्या मालेगावात बांगड्या विकणारे ढीगभर झाले, पण बांगड्या भरणारी एकच, सुलतानबी. विकणं आणि भरणं यात फरक आहे. आजकालच्या पोरी डबा घेतात, घरी जाऊन साबण लावून हातात कोंबतात आणि दोन फुटल्या की दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतात. सुलतानबीकडं तसलं चालत नसे. ती आधी तुमचा पंजा हातात घेणार, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघणार आणि म्हणणार, "हात ढिला सोड." सोडला नाही तर दटावणार, "अवं, मी का तुहा हात कापून नेतो? ढिला सोड म्हणलं ना!" आपल्याला हसू यायचं, हात आपोआप सुटायचा आणि तेवढ्यात बांगडी पार झालेली असायची. ठरलेल्या बांगड्या भरून झाल्या की शेवटी एक तिच्या मनाची. "थे माह्याकडून," म्हणायची. त्या एकीसाठी बायका पार किन्हीराजा गावाहून चालत यायच्या.

मी तिची शेजारीण. माझी पिठाची गिरणी आणि तिचं घर, मध्ये एक भिंत. वहाबभाई होते तोवर त्या घरात आवाज असायचे. हातगाडीवर बांगड्या लादून ते खेडी फिरायचे आणि संध्याकाळी आल्यावर नवराबायको अर्धा तास तरी भांडायची. मग ते गेले. मुलगा मुन्ना पुण्याला एसी दुरुस्त करायला लागला, तिकडेच त्याचं लग्न झालं, तिकडेच संसार. आता घरात सुलतानबी आणि बांगड्यांचे खोके. नवरा गेल्यापासून तिचे स्वतःचे हात मोकळे होते. सगळ्या तालुक्याचे हात भरणारी बाई, आणि तिचेच रिकामे! मला ते बघवत नसे. एकदा तसं बोलले तर म्हणाली, "तू का आपल्या गिरणीचं सगळं पीठ खातेस?"

एकट्या बाईचं घर कानानं कळतं. भांडं कमी वाजतं, दार कमी वाजतं. तिची मोरी नेमकी आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे नमाजाआधी ती वजू करायची ते पाणी फरशीवर पडताना मला ऐकू यायचं. दिवसातून पाच वेळा. पहाटेचं पाणी पडलं की मी उठायचे, दुपारचं पडलं की गिरणीचा पट्टा उतरवून जेवायला बसायचे.

मी शेजारीण झाले. मैत्रीण वेगळी होती, कमलीबाई. किन्हीराजाच्या पलीकडं जो तांडा आहे तिथली. सुलतानबीहून दहा-बारा वर्षांनी लहान. बाजाराच्या दिवशी ती यायची, बाजार झटकन उरकायची आणि उरलेला वेळ सुलतानबीच्या ओट्यावर पाय पसरून बसायची. दोघींच्या गप्पा काय असायच्या देव जाणे, पण त्या हसल्या की गिरणीच्या आवाजातूनही मला ऐकू यायचं. दिवाळी झाली की कमलीबाई नवऱ्याबरोबर, गुलाबसिंगबरोबर, ऊस तोडायला जायची. जाण्याआधी दोन्ही हात भरून घ्यायची. उसाच्या फडात काच टिकत नाही हे दोघींना ठाऊक होतं, तरी दरवर्षी भरायच्या. होळीच्या सुमारास ती परत आली की पुन्हा ओटा जागा व्हायचा.

ऊस तोडणाऱ्या बाईला पाळीचा खाडा परवडत नाही. म्हणून तांड्यातल्या कितीतरी बायका तिशीतच गर्भाची पिशवी काढून मोकळ्या होतात. मोकळ्या होतात असं म्हणतात, होत नाहीत. कमलीबाईची पिशवी काढली, बरोबर अंडाशयंही गेली, आणि त्या कोवळ्या वयात तिच्या अंगातून म्हातारीसारख्या गरम वाफा निघायला लागल्या, हाडं दुखायला लागली. वाशिमच्या एका डॉक्टरनं तिला गोळी लावून दिली. तिला ती मानवली.

सुलतानबीची पाळी गेली ती पन्नाशीत, रीतीनं. पण वाफा तिलाही आल्या, आणि अशा आल्या की धंदाच बसायची वेळ आली. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यावा आणि कपाळापासून कोपरापर्यंत घामाची धार लागावी. बोटं निसटायची. भरता भरता काच फुटायची. दुसरीकडं फुटली तर फुटली, पण नव्या नवरीच्या हातात भरतानाच फुटली तर सासू काय म्हणेल? दोन बायका तर बांगड्या न भरताच उठून गेल्या. त्या दिवशी कमलीबाई ओट्यावर होती. तिनं कमरेच्या बटव्यातून गोळ्यांचा पत्ता काढला आणि अर्धा कापून सुलतानबीच्या हातात ठेवला.

"घे. मले लागू पडली."

"डॉक्टरले नाही इचारा लागत?"

"आग तर एकच हाय ना व दोघीच्या अंगात? मंग गोळ्या दोन कायले?"

महिनाभरात सुलतानबीचा घाम गेला, झोप आली, बोटं पुन्हा स्थिर झाली. आमच्याकडं गोळी घ्यायला डॉक्टर लागत नाही, रिकामा पत्ता लागतो. तो मेडिकलच्या काउंटरवर ठेवायचा, समोरचा तसाच भरलेला पत्ता काढून देतो. कोणी विचारलं नाही की ही गोळी कोणासाठी, किती दिवस. अशी वर्षांमागून वर्षं गेली. डोकेदुखीची गोळी खाताना आपण घाबरतो, ही मात्र ती चहाबरोबर घ्यायची.

त्या वर्षांत ती खुशीत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. पाळी गेल्यापासून तिला रमजानचे पूर्ण रोजे करता येत होते. आधी दर रमजानात त्या चार-पाच दिवसांचे रोजे सुटायचे आणि मग वर्षभरात कधीतरी एकटीनं ते भरून काढावे लागायचे. "आता अल्लाच्या घरी माहा खाडा नाही," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

यंदाच्या रमजानात, मधल्या दिवसांत, भिंतीपलीकडचं पाणी थांबलं.

पहाटे पडलं नाही. दुपारी पडलं नाही. मला वाटलं आजारी पडली. जाऊन बघते तर बाई बांगड्यांच्या जोड्या लावत बसलेली. "बरं नाही का?" "बरी हाय ना." चार-पाच दिवसांनी पाणी पुन्हा सुरू झालं. ईदनंतर पुन्हा बंद, पुन्हा सुरू. उन्हाळा लागला तसं बंद असण्याचेच दिवस वाढले. तेव्हा मी दार ओढून घेतलं आणि समोर बसले. म्हटलं, सांगितल्याशिवाय उठत नाही.

तिनं डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. "मले पुन्हा येऊन राह्यलं."

"काय येऊन राहिलं?"

"जे गेलं होतं थे." आणि लाजली हो! साठीला टेकलेली बाई नव्या नवरीसारखी लाजली. "कमलीची गोळी लई ताकदीची हाय. अंग मांगं फिरलं माहं."

म्हणजे आठेक वर्षांनी अंगावरून रक्त जायला लागलं, आणि बाईनं ठरवलं की तारुण्य परत आलं. मग पाळीचे सगळे नियम लागू. नमाज बंद, रोजे बंद. रमजानात भरदिवसा ती स्वयंपाकघराचं दार लावून भाकरी खायची. घरात बघणारं कोणी नव्हतं, तरी लपून खायची. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तारुण्य असं येत असतं तर सगळ्या म्हाताऱ्या मेडिकलसमोर रांगेत उभ्या असत्या. चल दवाखान्यात. तर म्हणे, "असली गोष्ट कोणाले सांगतेत काय?" मुन्नाचा फोन आला, तिनं कानाला लावला, "हां, ठीक हाय, तू जेवला का?" इतकं बोलून ठेवला.

शेवटी ज्येष्ठातल्या एका लग्नात ती नवरीच्या हाताशी बसल्या बसल्या कलंडली. चेहरा पीठ पडावं तसा पांढरा झालेला. मी गिरणीला कुलूप घातलं आणि तिला वाशिमला नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, पण सबुरीची. सोनोग्राफी पाहिली, रिकामा पत्ता उलटसुलट केला.

"मावशी, तुमची पिशवी काढलेली आहे का?"

"नाही."

"मग ही गोळी कोणी दिली?"

"मेडिकलवाल्यानं," सुलतानबी म्हणाली. इतक्या वर्षांत तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं समजावून सांगितलं. ही गोळी वाईट नाही. ज्या बाईची पिशवी काढली आहे तिला चालते, कमी वयात काढली असेल तर लागतेच, हाडं सांभाळते. पण पिशवी जागेवर असेल तर ही एकटी देत नाहीत, जोडीला दुसरी द्यावी लागते. नाहीतर पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं, आणि वर्षानुवर्षं वाढलं की बिघडतं. शिवाय कोणतीही असो, दरवर्षी छाती तपासायची, रक्तदाब बघायचा, पायात रक्ताच्या गाठी होत नाहीत ना ते पाहायचं, आणि मुख्य म्हणजे अजून लागते का हे विचारायचं. "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ती पाळी नसते, मावशी. एकदा दिसलं तरी त्याच दिवशी यायचं." मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या ओळखीत अजून कोणी घेतं का ही?"

सुलतानबी खिडकीबाहेर बघत राहिली.

आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. तो कॅन्सरच निघाला, पण सुरुवातीचा, पिशवीच्या बाहेर न गेलेला. अकोल्याला ऑपरेशन झालं, पिशवी काढली. मुन्ना आला. वाईट पोरगा नाही. दवाखान्याच्या फरशीवर झोपला, आईचे पाय चेपले, घरी आणून सोडलं, आणि "अम्मी, पुण्याला चल" म्हणून रडलाही. ती म्हणाली, "तिथं मी कोणाचे हात भरू बेटा?" त्याची सुट्टी संपली, तो गेला. आता भिंतीपलीकडं वजूचं पाणी पुन्हा पाच वेळा पडायला लागलं होतं. बाकी घरात काहीच वाजत नव्हतं.

कमलीबाई भेटायला आली, तिळाची चटणी आणि ज्वारीचं पीठ घेऊन. माझी गिरणी शेजारी असताना पीठ! सुलतानबीच्या उशाशी बसून तिनं तिच्या केसांतून हात फिरवला. "आता तूबी माह्यावानीच झाली व बाई." मग म्हणाली, "काळजी नोको करू. वाफा येतीन तर माही गोळी हायच. तांड्यात दोघीजणींले देल्ली मी. त्यायची पाळी गेली आवंदा, लई तरास होता. आता बऱ्या हायेत."

मी दारात उभी होते. सुलतानबीनं माझ्याकडं पाहिलं नाही. "च्या घे," एवढंच ती कमलीबाईला म्हणाली.

ती गेल्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, आता तरी सांग तिला. त्या दोघींना पिशवी आहे. उद्या त्यांचंही हेच होणार.

"सांगतलं तर थे येईन काय पुन्हा?"

"आणि न सांगितलं तर?"

"तुले काय जाते बोलायले!" ती ओरडली, आणि टाके ओढले म्हणून पोटावर हात धरून बसली. "तुह्या घरी मानसं हायेत. मले बाजाराच्या दिवसाबगर दुसरा दिस नाही. थेच एक येते. तिले सांगू का तुह्या हातानं मले कॅन्सर झाला म्हनून?"

घरी येऊन मी दळणाचे दोन डबे विनाकारण आपटले.

आठवडाभरानं तीच दारात उभी. अंगावर बुरखा, हातात पिशवी. "रिक्षा सांग किन्हीराजाची." मी सोबत निघाले. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही.

तांड्यावर कमलीबाईचं घर कडुनिंबाखाली आहे. तिनं आम्हाला बघून बाज टाकली, पाणी दिलं, हसली. सुलतानबीनं पाणीही प्यायलं नाही. कमलीबाईचा हात हातात घेऊन तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली, अस्तर कसं वाढलं, कशानं वाढलं.

कमलीबाई म्हणाली, "म्हंजे मी तुले जहर चारलं."

"तसं नाही व, कमले."

"मंग कसं?"

"तुले चालते थे मले नाही चालत. तुले पिशवी नोव्हती, मले होती. तुले मालूम नोव्हतं, मलेबी नोव्हतं. पन त्या दोघीले आजच्या आज सांगजो. आन् तू तुही गोळी एकदम सोडू नोको, पयले वाशिमले दाखव."

कमलीबाईनं आपला हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच सोडवला. उठून घरात गेली आणि आतून कडी लागली. आम्ही तिथं बसून राहिलो. बाजेखाली कोंबड्या फिरत होत्या. शेवटी रिक्षावाल्यानं हाक मारली.

पुढच्या बाजाराला कमलीबाई आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. सुलतानबी ओट्यावर तिच्या जागी कोणाला बसू देत नसे. मी बसायला गेले तर म्हणाली, "इकडं बस ना." मला राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. त्यात तिच्या गोळ्या बंद, म्हणून वाफा परत आल्या. घाम, निसटणारी बोटं, फुटणारी काच. गिऱ्हाईक कमी झालं. मुन्ना व्हिडिओ कॉल करायचा, ती फोन छताकडं धरून बोलायची.

पोळा झाल्यावर कमलीबाईची सून रंजीता बांगड्या भरायला आली. तिनं सांगितलं की सासूनं त्याच दिवशी दोन्ही घरी जाऊन गोळ्या परत घेतल्या. एकीनं दिल्या नाहीत तर तिच्याशी भांडून घेतल्या. मग दोघींना एसटीत बसवून वाशिमला नेलं. दोघींचं काही बिघडलेलं नव्हतं. कमलीबाईची गोळी डॉक्टरीणबाईंनी अजून काही वर्षं चालू ठेवली, तपासण्या सांगून.

"मंग येत काहून नाही?" सुलतानबीनं विचारलं.

"म्हनते, मले थेच गोळी रोज गोड लागते, आन् सुलतानबीले तिनं खाल्लं. कोन्या तोंडानं जाऊ?"

सुलतानबीनं रंजीताचे हात भरले. एकही फुटली नाही. रंजीता म्हणाली, सासूसाठी देता का, तिचं माप तर तुम्हाला ठाऊक आहे. सुलतानबीनं मान हलवली. "बांगडी पाठोत नाही मी. हात इथं या लागते."

दिवाळी झाली. वाशिम रस्त्यावर चहाच्या हॉटेलाजवळ ऊसतोडीचे ट्रक येऊन थांबायला लागले. एका दुपारी सुलतानबी बांगड्यांची छोटी पेटी काखेत धरून माझ्या गिरणीपुढून गेली. दळणाला गर्दी होती, तरी मी पट्टा उतरवला आणि मागं गेले.

ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळ्या, पोरं, कोयते. गुलाबसिंग ड्रायव्हरशेजारी बसला होता. मागं कमलीबाई फळीला टेकून, आमच्याकडं पाठ करून बसली होती. तिनं आम्हाला येताना पाहिलं होतं, म्हणूनच पाठ केली होती. एक हात फळीवर टेकलेला. मनगट रिकामं. तिनं यंदा दुसऱ्या कोणाकडूनही भरून घेतल्या नव्हत्या.

सुलतानबी टाचा उंचावून उभी राहिली आणि तिनं तो हात धरला. कमलीबाईनं मूठ आवळली.

"हात ढिला सोड."

मूठ तशीच. ट्रक सुरू झाला, धूर निघाला. सुलतानबीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिनं तळवा पदराला पुसला, पुन्हा धरला, पुन्हा पुसला. मी मनातल्या मनात म्हणत होते, फुटू नको, आज फुटू नको.

"कमले. मी का तुहा हात कापून नेतो? ढिला सोड ना व."

पाठमोरे खांदे हलले. हसली की रडली ते मला कळलं नाही, पण मूठ सुटली. बोटं मऊ झाली. सुलतानबीनं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि एक हिरवी बांगडी आत सरकवली. दुसरी काढेपर्यंत ट्रक हलला. तो हात तिच्या हातातून निघून गेला. कमलीबाईनं तोंड आमच्याकडं वळवलं नाही. पण तो हात वळणापर्यंत फळीबाहेरच होता.

दरवर्षी शेवटी जाणारी तिच्या मनाची एक, यंदा तेवढीच गेली.

"होळीले येईन थे," परत येताना सुलतानबी म्हणाली. मी हो म्हटलं. उसाच्या फडात काचेची बांगडी आठ दिवसही टिकत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

ती घरात गेली. दार लागलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं पाणी पडलं. माझ्या दारात डबे घेऊन बायका खोळंबल्या होत्या, तरी ते पाणी थांबेपर्यंत मी गिरणी सुरू केली नाही.